नको तेवढा मोठा पंप

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात आमच्या गराजमध्ये नवऱ्याची ती जुनी, दांडग्या इंजिनाची मसल कार आली आणि घरातली शांतता गेली. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा तिचा मूळचा पंप मेला होता. आता इलेक्ट्रिकच बसवायचा आणि दसऱ्याला गाडीची पूजा करायची, असं त्याने ठरवून टाकलं.

मी डेअरीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, दिवसभर पंपच बघते. त्याला म्हटलं, गाडीला जुना कार्ब्युरेटर आहे, त्याला सहा-सात पौंडांचा दाब पुरतो. तू निवडलास तो नव्या गाड्यांचा पंप, साठ पौंडांनी ढकलणारा. कार्ब्युरेटर भरून वाहील. पण तो हट्टाला पेटला होता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच योग्य तो छोटा पंप आणला, तर त्याने तो भिंतीवर भिरकावला.

"दुधातली अक्कल दुधात ठेव," म्हणाला.

मी हातातला पाना फेकला. तो त्याच्या कानाजवळून गेला. लागला असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा मला खरंच वाटलं.

दसऱ्याला, त्याचाच मोठा पंप बसवलेली आणि अजून एकदाही सुरू न केलेली गाडी ढकलत ड्राइव्हवेवर आणली. बॉनेट उघडं, वर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबं. नागपूरहून आलेल्या सासूबाई पेटत्या निरांजनाचं ताट घेऊन थेट इंजिनावर वाकल्या. पूजा यंत्राची, वरच्या पत्र्याची नाही, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात आत बसलेल्या नवऱ्याने किल्ली फिरवली. इलेक्ट्रिक पंप काही इंजिन सुरू व्हायची वाट बघत नाही. तो किंचाळायला लागला आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल भळाभळा वाहू लागलं.

मी सासूबाईंना कमरेला धरून मागे खेचलं आणि ताटासकट हिरवळीवर आपटलं. त्यांचं मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. निरांजन ओल्या गवतात विझलं.

नवरा गाडीतून उतरला. त्याला दिसलं ते एवढंच, की आई खाली पडलीय आणि मी तिच्यावर आहे. त्याने मला ओढून उभं केलं आणि कानाखाली वाजवली. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा सासूबाई खालून बोलल्या.

"आधी किल्ली बंद कर."

तेव्हा कुठे त्याला पेट्रोलचा वास आला. पंप अजून ओरडतच होता.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्सने त्यांचं मनगट पाहिलं, मग माझ्या गालावर उमटलेली बोटं पाहिली. नवऱ्याला बाहेर बसवून तिने विचारलं, हे कोणी केलं? सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण प्रश्न कळला.

"सांग तिला," त्या मला म्हणाल्या, "माझा हात तू मोडलास, मला वाचवायला. तुला माझ्या मुलाने मारलं. त्याला काही कारण नव्हतं."

भाषांतर मलाच करायचं होतं. मी एकही शब्द गाळला नाही.