मंडईच्या दिवशी देवाजीची दाढी

प्रवासाला निघायचं ठरलं की माझ्या बॅगेत सगळ्यात आधी जातो तो दाढीचा डबा. कपडे, औषधं, चार्जर हे सगळं मागाहून. डबा मुळात पोळ्यांचा, स्टीलचा. आमच्या हिने, म्हणजे सुमनने, तो स्वयंपाकघरातून कधीच सोडून दिला आहे. "एका गालाचा आणि एका हनुवटीचा एवढा संसार असतो का कुठे?" असं ती दर वेळी विचारते आणि मी दर वेळी ऐकलं नाही असं दाखवतो.

संसार आहे खरा. लाकडी मुठीचा ब्रश, वाटीत बसवलेला साबण, दुधारी ब्लेडचं पितळी रेझर, तुरटीचा खडा, छोटा आरसा, एक जुना पंचा. हे नुसतं कोंबून चालत नाही. ब्रश ओला असताना डब्यात घालायचा नाही, नाहीतर मुक्कामाला पोचेपर्यंत त्याला कुबट वास येतो. रेझर उघडून त्याचे भाग वेगळे गुंडाळायचे, ब्लेड पाकिटातच राहू द्यायचं. तुरटी कोरड्या फडक्यात, कारण ओल लागली की ती पाझरते. फोमचा डबा आणि फेकून द्यायचं प्लास्टिकचं रेझर घेऊन फिरणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण त्याला दाढी म्हणू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

या दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात जायचं ठरलं. यशवंत आणि मी नाशिकला एकाच कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसून म्हातारे झालो. निवृत्तीनंतर तो आसगावच्या बाजूच्या आपल्या लहानशा गावी परत गेला आणि दर वर्षी मंडईला बोलावू लागला. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की तिकडे गावोगाव एकेका दिवशी जत्रा भरते, ती मंडई. आधी मी काही ना काही सबबी सांगत आलो. या वेळी सबब संपली.

गाडीत रात्रभर झोप छान लागली आणि सकाळी नागपूर जवळ आल्यावर डबाभर सुगंध सुटला. माझ्या डब्याभर नव्हे, रेल्वेच्या. आफ्टरशेव्हची काचेची बाटली या वेळी मी ऐनवेळी डब्याबाहेर, बॅगेच्या कोपऱ्यात खोचली होती. तिचं झाकण सैल झालं आणि सगळा माल सुमनने दिलेल्या चिवड्याच्या पिशवीत उतरला. चाळीस वर्षांचा पॅकिंगचा अभिमान असा चिवड्यात गेला. समोरच्या बाई पदर नाकाला लावून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

भंडाऱ्याला यशवंत मोटारसायकल घेऊन उभा होता. वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला आम्ही चहाला थांबलो. नदी भरून, संथ. काठाला एक डोंगा बांधलेला. टपरीवाल्याने गरम आलुबोंडे पुढे ठेवले, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि यशवंतला विचारलं, "कोनाचं लगन हाय जी?"

"कोनाचं नाई. पाहुणे नाशकावून आले," यशवंत म्हणाला.

"मंग बरोबर हाय," असं तो कशावरून म्हणाला कुणास ठाऊक.

पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान (भाताचं पीक) पिवळं होऊन उभं. कुठे कापणी चाललेली, कुठे बांध्यांमध्ये (धानाच्या आखलेल्या खाचरांमध्ये) कापलेल्या पेंढ्या पसरलेल्या. मध्येच एखादा तलाव, त्यात शिंगाड्याचे वेल. नाशिकच्या द्राक्षाच्या तारा बघून सवयलेल्या डोळ्यांना हा सपाट, पाणथळ हिरवा-पिवळा मुलूख फार सुखाचा वाटला. येणारा-जाणारा यशवंतला "जयभीम" घालत होता, आणि मागे बसलेल्या मलाही फुकटात मिळत होता.

घरी शीलावहिनींनी जेवायला लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि वाफाळता भात वाढला. नव्या तांदळाचा तो वास, आहा. मी लाजत चिवडा पुढे केला. वहिनींनी एक घास तोंडात टाकला, सावकाश चावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे चिवड्यात गुलाब टाकतेत का?" तो चिवडा पुढे कोंबड्यांना घातला. त्यांनीही आधी विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खाटेवर डबा मांडून मी दाढीला बसलो. ब्रशने फेस काढेपर्यंत कुंपणाशी माणसं गोळा झाली. मला वाटलं, आरसा बघून आले असतील. यशवंतने खुलासा केला. या गावात घरी दाढी कुणी करतच नाही. जुन्या माणसांची दाढी देवाजीच्या सलूनमध्ये होते, आणि पोरांनी तर सगळ्यांनीच दाढ्या राखलेल्या. "मी रिटायर होऊन आलो आन् माझं रेझर गंजून गेलं," तो म्हणाला. "रविवारी देवाजीपुढे मान टाकून द्यायची. कोन करते कटकट?"

तेवढ्यात खुद्द देवाजीच आला. पन्नाशीचा, शिडशिडीत, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा तुळतुळीत की मला जरा हेवाच वाटला. त्याने माझा ब्रश उचलला, केस उलटसुलट करून पाहिले, साबणाचा वास घेतला.

"चांगलं सामान हाय जी. पन एवढं वाहून कायले आनलं? मी होतो ना अठी."

"मला दुसऱ्याच्या हातची दाढी चालत नाही," मी म्हणालो. हे जरा तोडूनच बोललो. तो हसला.

तो गेल्यावर यशवंतने त्याची गोष्ट सांगितली. मंडईला दुपारी दंडार होते; दंडार म्हणजे तिकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, बायकांची कामंही पुरुषच करतात. देवाजी विशीपासून त्यातली राणी होतो. होळीनंतर मिशी वाढवतो, दसऱ्याला काढतो. पण मंडळातल्या नव्या पोरांना आता दंडार नको झाली होती. बाहेरून नाचणाऱ्या मुलींची पार्टी आणा, डीजे लावा, असं त्यांचं म्हणणं. बैठकीत खूप वाद झाला आणि शेवटी ठरलं की यंदा दंडार होऊ द्या. लोक बसले तर ठीक, उठून गेले तर पुढच्या वर्षीपासून पार्टी.

"म्हणजे देवाजीची परीक्षाच," मी म्हणालो.

"परीक्षा नाई, फायनल," यशवंत म्हणाला.

मंडईचा दिवस उजाडला. सकाळपासून खेळण्यांची, बांगड्यांची, उकडलेल्या शिंगाड्यांची दुकानं लागली. लेकी माहेरी आलेल्या, रस्त्यात बैलगाड्यांपेक्षा मोटारसायकली जास्त. मी कागदाच्या पुडीत शिंगाडे घेऊन, सालं सोलत हिंडत होतो. इतक्यात बातमी आली की देवाजीचा हात कापला.

झालं असं की मंडईच्या दिवशीसुद्धा या गृहस्थाला चैन पडेना. पहाटे थोडं धान कापून येतो म्हणून बांधीत गेला, हातातून निसटलेला इळा (विळा) पकडायला गेला आणि तो उजव्या तळहातात शिरला. पवनीला नेऊन टाके घातले. दुपारी परत आणला तेव्हा हाताला हे एवढं पांढरं बोचकं. दुखणं सोसून तो राणीचं लुगडं नेसायला बसला, रंगाची पेटी उघडली, आरशात बघितलं आणि तसाच थांबला. दाढी राहिली होती.

पवनीला चार माणसं सोबत गेली होती. तिथे सलूनही होतंच की. पण दाढीचं एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण गावात दाढीची आठवण ठेवणं हेही देवाजीचंच काम. रंग चढवायच्या जरा आधी स्वतःची दोनदा घोटून दाढी करायची हा त्याचा रिवाज. आदल्या दिवशीची त्याला चालत नाही. आता उजवा हात कामातून गेलेला. डाव्या हाताने वस्तरा धरून बघितला तर धार गालावर नीट बसेना. एका दाढीवाल्या पोराने ट्रिमर फिरवला, पण खुंट तसेच राहिले आणि त्यावर पावडर लावली तर राणीऐवजी भिंतीचा पोपडा दिसायला लागला. बाहेर ढोलकी सुरू झालेली. आणि अख्ख्या गावात दुसऱ्याच्या गालाला ब्लेड लावू शकेल असा माणूस नाही. करणारा एक, करून घेणारे सगळे.

यशवंत धावत आला. "डबा घे अन् चाल."

"अरे, मी जन्मात दुसऱ्याची दाढी केलेली नाही."

"मंग आज कर."

शाळेच्या व्हरांड्यात देवाजी लाल लुगडं नेसून, छातीशी बोचकं धरून बसला होता. भोवती अर्धं गाव. मला पाहून त्याने एवढंच म्हटलं, "जमन का जी तुमाले?" एक चुकीचा हात आणि याची राणी गेली.

मी ब्रश गरम पाण्यातून खळखळून काढला, नवं ब्लेड चढवलं, पंचा त्याच्या गळ्यात बांधला. आणि मग कळलं की न्हाव्याइतकं वाईट गिऱ्हाईक जगात नाही.

"साबन जास्त झाला."

"होऊ द्या."

"कातडी ताना जी, ताना. नाई तं लागन."

"देवाजी, बोलताना गाल हलतो. तुम्ही गप्प बसा, नाहीतर मी नाशिकला जातो."

गर्दीतून एक म्हातारा खुशीत म्हणाला, "आता समजलं का देवाजी, आमाले कसं वाटते थे?" सगळे हसले. देवाजीही हसला आणि नेमकं तेव्हाच माझं रेझर हनुवटीवर होतं.

बारीकसाच काप. पण पांढऱ्या फेसातून लाल ठिपका वर आला आणि भोवतालच्या सगळ्या माना पुढे आल्या. माझे कान तापले. मी तुरटीचा खडा भिजवून दाबून धरला, आणि मनात स्वतःला मिळतील तेवढ्या शिव्या घातल्या. डीजे-पार्टी मागणाऱ्या पोरांपैकी एक मागे वळून जायलाही लागला.

देवाजीने आरसा मागितला. हनुवटी इकडून तिकडून बघितली. मग म्हणाला, "राहू द्या. अठी गोंदन काढतो. राणीले गोंदन पायजेच होतं." आणि मान मागे टाकून गळा माझ्यापुढे केला. "आता गळा करा. मी नाई बोलत." त्याने डोळे मिटले.

गळा करताना मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. पहिली फेरी वरून खाली, पुन्हा फेस, दुसरी आडवी. शेवटी ओला पंचा फिरवला तेव्हा त्याने डाव्या हाताची बोटं गालावरून नेली, उलटी, सुलटी. पेटीतलं काजळ काढून त्याने हनुवटीवरच्या खुणेवर हिरवट-काळा ठिपका ठेवला, आणि माझ्यासमोर बसलेला माणूस बघता बघता बाई होत गेला.

दंडार सुरू झाली. जखमी हात त्याने पदराखाली असा लपवला की राणी रुसून बसली आहे असंच वाटावं. राजा समजूत काढायला आला की ती पाठ फिरवायची आणि बायका पदरात तोंड घालून हसायच्या. माझ्या शेजारच्या आजींनी सुनेला कोपराने ढोसलं, "पाय ओ, औंदा गोंदनबी काढलं. कशी दिसून राहिली." शेवटी राणीने विरहाचं गाणं म्हटलं तेव्हा उन्हं कलली होती, धुळीत बसलेली सगळी माणसं तशीच बसलेली होती, आणि मघाशी निघालेला तो पोरगा फोन उंच धरून चित्रीकरण करत होता. कुणी उठलं नाही. मला रडू आलं हे मी यशवंतला शिंगाड्याचा ठसका म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मंडळातल्या पोरांनीच येऊन सांगितलं, पुढच्या वर्षीही दंडारच. देवाजी रंग पुसत होता. त्याने मान हलवली आणि घटाघटा पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी उठून अंगणात आलो तर खाटेवर तीन म्हातारे गाल खाजवत बसलेले. देवाजीचा हात बरा होईपर्यंत गावाने करायचं काय? मी जायच्या गाडीची वेळ सांगितली. "तवरोक होऊन जाते जी," असं म्हणून पहिल्याने मान मागे टाकलीसुद्धा. मागे उभा राहून देवाजी सूचना देत होता आणि या वेळी मी निमूट ऐकत होतो.

नाशिकला परत येऊन आता महिना होत आला. इतकी वर्षं हा डबा मी गावोगाव वाहिला तो कशासाठी, याचा विचार मी कधी केला नव्हता. आपल्या गालाला परका हात लागू नये, कुणाच्या पुढे मान टाकावी लागू नये, यासाठीच तो होता. त्यात वाईट काही नाही. पण एखाद्या माणसाने डोळे मिटून स्वतःचा गळा आपल्या हातात दिला की काय वाटतं, हे मात्र मला साठी उलटल्यावर कळलं. फार मोठं वाटतं, आणि फार भीती वाटते.

परवा देवाजीचा फोन आला. टाके निघाले, सलून सुरू झालं, हात पहिल्यासारखा चालतो.

"मग आता स्वतःची दाढी स्वतः," मी म्हणालो.

"बाकीच्या दिवसाची करतो ना जी," तो म्हणाला. "मंडईची तुमी करून द्या."

संध्याकाळी बाजारात जाऊन मी आणखी एक ब्रश घेतला, त्याच्यासाठी. सुमन विचारते आहे, डब्यात आता एवढी जागा कुठे आहे. होईल.