अंधाऱ्या वाटेने न्वे यिन

न्वे यिन मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. ब्रह्मदेशात इरावतीच्या काठी, बगानच्या जुन्या देवळांच्या रानात आमचं गाव. बांबूच्या डब्यांवर झाडाच्या काळ्या चिकाचे थर चढवायचे आणि त्यावर नक्षी कोरायची, हेच काम घरोघरी. मावशीच्या हातचे हत्ती लगेच ओळखू यायचे, कारण त्यांचे डोळे मिटलेले असायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "चालून चालून झोप आलीय त्यांना."

पन्नाशीत तिची स्वतःची नजर विझत गेली. आधी बारीक रेघा गेल्या, मग माणसांचे चेहरे. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. तिनं कोरणी नणंदेला देऊन टाकली आणि गावामागच्या देवळात जाणंही सोडलं. लहानपणापासूनचा नेम होता तो. "मुखच दिसत नाही, तर बसू कुणापुढे?" एवढंच म्हणायची.

तिची नणंद तिन म्या जिभेनं तिखट. एका सकाळी तिनं मावशीचा हातच धरला.

"चल वहिनी."

"मला दिसत नाही गं."

"बुद्धाला दिसतं ना? त्याचे डोळे धड आहेत अजून."

फुलं घेऊन मीही निघाले. पायरीशी चपला काढल्या. बाहेर वाळूवर पांढरं ऊन होतं, आणि आत पाऊल टाकताच काहीच नव्हतं. जाडजूड भिंतींमधून मूर्तीभोवती फिरणारी ती अरुंद वाट नेहमीच अंधारी. तिन म्याचा अंगठा ठेचकाळला. मी जागीच थांबले. मावशी मात्र भिंतीवर बोटं टेकवून पुढे चालू लागली.

"इथं कोनाडा. आता भिंत. पुन्हा कोनाडा," ती पुटपुटत होती. प्रत्येक कोनाड्यात एक लहानगी मूर्ती होती. तिच्या गुडघ्याला मावशीचं बोट हळूच लागे आणि पुढे सरके. वटवाघळांचा वास येत होता. बाहेरच्या बैलगाडीची घुंगरं कधी विरली ते कळलंच नाही. आम्ही तिच्या चालीनं चालत होतो, पाण्याखालून चालावं तसं.

"वळण आलं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"पावलांना गार वारा लागतोय."

"बांधणाऱ्यानं मेल्यानं सगळ्यांनाच आंधळं करून ठेवलंय," तिन म्या कुरकुरली. मावशी हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

वळणापलीकडे उभा बुद्ध. सकाळचा उजेड वरून कुठूनसा येऊन फक्त त्याच्या चेहऱ्यावर पडतो. खिडकी उंच कमानीमागे आहे, खालून दिसत नाही. मावशी गुडघ्यांवर बसली.

"पिवळं काहीतरी हलतंय," ती म्हणाली. "विहिरीत चंद्र हलतो तसं. हसतोय का तो?"

"इथून हसतोय," तिन म्या म्हणाली. मग पुढे जाऊन तिनं मान वर केली. "जवळून नाही हसत. गंभीर दिसतो."

"मग मागेच बसू."

ती किती वेळ बसली कुणास ठाऊक. उठली तेव्हा तिचे गाल ओले होते आणि त्यांवर आमच्याकडच्या बायका रोज लावतात तो चंदनी लेप ओघळला होता. मला म्हणाली, "मला वाटलं होतं, अंधार माझ्या एकटीच्याच वाट्याला आलाय."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा जाऊ लागली. हळूहळू म्हाताऱ्या बायका तिच्या शालीचं टोक धरून मागून चालू लागल्या. बाहेरगावचे यात्रेकरूही रांगेत मिसळायचे. पुढे ते पिवळं हलणंही तिला दिसेनासं झालं. त्या दिवशी ती घरी नीट जेवली नाही. पण सकाळी उठून निघाली. वरच्या खिडकीत पारवे घुमू लागले की म्हणायची, "ऊन त्याच्या तोंडावर आलं. बसा सगळ्या."

बायका उठून चुलीकडे परतत, तेव्हा ती एकटी आणखी एक फेरी घालायची. आम्ही पायरीवर तिच्यासाठी मोहिंग्याचा, माशाच्या रश्श्यातल्या शेवयांचा, डबा उघडून बसायचो. भिंतीआडून तिचा तळवा घासल्याचा आवाज यायचा, जवळून, मग दूरवरून, मग पुन्हा जवळून. तिन म्या शेवया निवतायत म्हणून चडफडायची, पण हाक मात्र कधी मारायची नाही.