बरगड्यांचे वाटे

येरवडा सोडून खराडीला यायला टेम्पो लागतो तो सामानासाठी. माणूस शेअर रिक्षातही पोचतो. तरी मी आणि बायको निघालो त्या सकाळी अख्खी वस्ती गल्लीत उभी होती, जणू आम्ही कायमचे परदेशी चाललो होतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः घडवलेला पाटा-वरवंटा शेवटी चढवला. भिंतीला भिंत लागून राहणारी गंगूमावशी टेम्पोच्या फाळक्याला धरून म्हणाली, "जा बाबा. तुजा वाटा हितं निघंल."

तुम्ही जे वस्तीत राहिलात, त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे टॉवरमध्ये गेले, त्यांच्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आम्ही वडार, दगड फोडणारी माणसं. रविवारी डुक्कर कापलं की आधी दारोदार वाटे जायचे, मग आपली चूल पेटायची. हवंय का, असं कुणी कुणाला विचारत नसे. जो दवाखान्यात आहे त्याचा वाटा निघायचा, आणि जो जेलात आहे त्याचाही, त्याच्या आईच्या ताटात. वाटा न देता खाल्लं तर आई म्हणायची, "चोरून खाल्लंस व्हय रं?"

आई आधीच गेली होती, आम्ही निघाल्यावर अण्णा त्या एका खोलीत एकटे उरले. मी टेरेसचा फ्लॅट घेतला तो त्यांच्यासाठी. दगडाच्या खाणीत जन्म गेलेला माणूस बंद खोलीत बसणार नाही, उघड्यावर बसेल, असा माझा हिशेब होता. पण अण्णा काही हो म्हणेनात. शेवटी एवढंच म्हणाले, "चार दिस ऱ्हाऊन बघतो. जमलं तर बिस्तरा आनतो."

म्हणून ते आले त्या रविवारी मी बरगड्या करायच्या ठरवल्या. त्यांनी राहावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

केटल ग्रिल म्हणजे पायांवर उभी केलेली झाकणाची मोठी गोल कढई. कंपनीने काही महिने अमेरिकेला पाठवलं होतं, तिथल्या शेजाऱ्याकडून शिकलो. तो गोरा माणूस माझं आडनाव न विचारता कुंपणावरून प्लेट पुढे करायचा. इथे लिफ्टमध्ये नमस्कार व्हायच्या आधी आडनाव विचारतात.

बरगड्यांच्या मागचा पापुद्रा सोलून काढला. मीठ, तिखट, गूळ आणि गंगूमावशीच्या हातचा मसाला चोळला. कोळसे एका बाजूला रचले, दुसऱ्या बाजूला पाण्याचा ट्रे ठेवला आणि त्यावरच्या जाळीवर बरगड्या. कोळशावर पेरूच्या लाकडाचे दोन तुकडे टाकून झाकण लावलं. अण्णा खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या पाच मिनिटांत साहेब झाले. मी झाकण उचललं की खेकसायचे, "उघडू नगंस सारखं! जाळ नगं, धग पायजे." आयुष्यात केटल ग्रिल न पाहिलेला माणूस, पण वारा कुठून येतो ते बघून खालची झडप किती बंद करायची ते तेच सांगत होते. दुपार अशी गेली. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

मांस हाडावरून मागे सरलं तेव्हा बरगड्या उतरवल्या. अंगाला धुराचा वास येत होता म्हणून मी आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर ओट्यावर अर्ध्याच बरगड्या.

"अण्णा कुठेत?" मी रेखाला, माझ्या बायकोला, विचारलं.

"प्लेटी मागितल्या आणि बाहेर गेले," ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दार उघडलं तोवर ते मजल्यावरच्या शेवटच्या दारापाशी पोचले होते. आतल्या बाईंनी विचारलं, "काय आहे हे?" अण्णा छाती फुगवून म्हणाले, "डुकराच्या बरगड्या. माज्या पोरानं सोता केल्यात." बाईंनी प्लेट हातात धरली होती, आणि ती आता सोडताही येईना अन् ठेवताही येईना असं त्यांचं झालं. मग दार लागलं. अण्णा परत आले, हात पुसले आणि समाधानाने मांडी घालून बसले. "समद्यांच्या घरी गेला वाटा. आता वाढ, पोरी."

आम्ही जेवलो. बरगड्या फार चांगल्या झाल्या होत्या. अण्णा हाड चोखत म्हणाले, "पुढल्या टायमाला मीठ थोडं कमी." पुढल्या टायमाला! रेखाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी.

"अहो, काय चालवलंय आपण? मला खालपर्यंत फोन येतायत."

"वडिलांनी प्लेटी दिल्या. आमच्यात रीत आहे."

"रीत आपल्या घरात ठेवा ना. इथे फॅमिलीज राहतात."

"मग आम्ही कोण आहोत?" मी विचारलं. ते माझ्या मागे बघत राहिले. मागे अण्णा उभे होते, हाताला अजून मसाला.

सेक्रेटरी गेल्यावर बघितलं, प्रत्येक दाराबाहेर फरशीवर आमची प्लेट ठेवलेली. एकीवरचीही बरगडी उष्टी नव्हती. समोरच्या फ्लॅटातल्या मॅनेजरने तर आपल्या दारातली प्लेट पायाने सरकवून आमच्या दाराशी आणली होती. याच माणसाने कोरेगाव पार्कातल्या हॉटेलातल्या बरगड्यांचा फोटो ग्रुपवर टाकला होता, खाली आगीच्या चित्रांची रांग. मी बेल दाबून विचारलं. म्हणाला, "हॉटेलचं वेगळं असतं हो. दारात कुणी आणून देतं का असं?"

देतं. आम्ही देतो. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

अण्णा वाकून वाकून प्लेटी गोळा करत होते. "उपास आसंल कुनाचा," ते म्हणाले.

"अख्ख्या मजल्याचा, अण्णा?"

शेवटची प्लेट त्यांनी उचलली. प्लेटी घेऊन आत गेले आणि बरगड्या पुसून, एकेक करून, स्टीलच्या डब्यात भरल्या.

सकाळी लिफ्टमध्ये नोटीस होती. 'रहिवाशांनी शेजाऱ्यांस पूर्वकल्पना न देता खाद्यपदार्थ वाटू नयेत. पेढे अपवाद.' ती नोटीस वाचून काही जण हसले असतील, पुण्यात असं हसतात. मी फाडायला हात घातला, पण अण्णांनी मनगट धरलं. डबा घेऊन ते निघालेच होते. चार दिवसांतला तो दुसरा दिवस.

"त्यांच्यासाठी कशाला जाता?" मी रिक्षापाशी ओरडलोच. "घर माझं आहे."

"तुजं घर झ्याक हाय," अण्णा म्हणाले. "पर मी हितं शिजवून कुनाला वाढू?"

 अण्णा बिस्तरा आणणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं. दोन वेळा ग्रिल विकायला काढलं आणि दोन्ही वेळा परत आत घेतलं.

पुढच्या रविवारी अण्णांचा फोन आला. मागून गंगूमावशी ओरडत होती, "त्याला म्हनावं, वाटा काडलाय, गार व्हतोय!" मी गेलो. त्या बंद दारांवरून परत आलेल्या बरगड्या वस्तीत कधीच संपल्या होत्या, आणि मला जो भेटेल तो मीठ जरा जास्त झाल्याचं सांगत होता. माझ्या हातात डबा पडला. काय आहे, किती आहे, हवंय का, कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी जातो. राहतो खराडीत, दारावर पाटी माझ्या नावाची आहे. पण मी नसताना माझ्या नावाचं ताट जिथे निघतं, घर म्हणतो ते मी त्या गल्लीला. येताना डबा लिफ्टमधून वर आणतो. नोटिशीत वाटू नये लिहिलंय, आणू नये लिहायचं राहून गेलं. मागच्या रविवारी सेक्रेटरी लिफ्टमध्ये होते. नाक उडवून म्हणाले, "आपल्या डब्यात काय आहे?"

"माझा वाटा," मी म्हणालो, आणि त्यांचा मजला येईपर्यंत झाकण उघडं ठेवलं.