ज वर मात्रा

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पुंडलिकची जीभ वळेनाशी झाली, तेव्हा प्रतिक्षाने बापाला पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून रोह्याला आपल्या खोलीवर आणलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रतिक्षा धाटावच्या एका कंपनीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायची. शिफ्टला निघताना शेजारच्या अनिताकाकूंना बाबांकडे लक्ष ठेवायला सांगून जायची.

बाबांना कळत सगळं होतं, बोलता तेवढं येत नव्हतं. हात थरथरायचा, म्हणून लिहिणंही जमेना. मोबाइल देऊन पाहिला, पण मिठागरात राबून राठ झालेलं बोट त्या काचेला कळायचंच नाही. मग तिला आपला डिप्लोमाच्या वेळचा, आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आठवला. त्याची बटणं चांगली टणक होती आणि त्यात आपला प्रोग्रॅम लिहिता यायचा. मराठी अक्षरं मात्र त्यात नव्हती. प्रतिक्षाने चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी शब्द काढले, ठिपका असेल तिथे एक आणि नसेल तिथे शून्य धरून प्रत्येक ओळीचा एक आकडा केला आणि एकेका बटणामागे एकेक शब्द बसवला. पाणी, औषध, दुखतंय, असे.

थोडे दिवस बाबांनी ती बटणं दाबली. मग एकदा कॅल्क्युलेटर उशीखाली सारून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. प्रतिक्षा चिडली. पण भांडी घासता घासता तिच्या ध्यानात आलं, आपण बाबांना नुसते आजाऱ्याचे शब्द दिलेत. गावात दिवसभर गप्पा मारणारा माणूस तो.

तिने सुटी अक्षरं करायला घेतली. बटणांवर पट्ट्या चिकटवून मुळाक्षरं लिहिली. दाबलेली अक्षरं एकापुढे एक माळेसारखी साठायची आणि प्रोग्रॅम त्यातलं एकेक काढून पडद्यावर उमटवायचा. मात्रेपाशी गाडी अडली. ज ला शिरोरेघ होती, मात्रेच्या चित्रातही होती. दोन्हींच्या आकड्यांची बेरीज केली की सामाईक ठिपक्यांचा हातचा शेजारच्या घरात जाई आणि अक्षर विस्कटे. शेवटी बेरीज सोडून तिने बिटांची, म्हणजे त्या एक-शून्यांची, ‘किंवा’ ही क्रिया वापरली. ह्यात ठिपका असो किंवा त्यात, किंवा दोन्हींत, पडद्यावर तो एकदाच. मात्रा ज वर अलगद बसली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या तिने कॅल्क्युलेटर बाबांच्या हातात दिला. ते बराच वेळ बटणं शोधत राहिले. ती मदतीला सरकली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. मग पडदा तिच्याकडे वळवला.

‘जेवलीस’ एवढंच होतं.

प्रतिक्षाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “नाय अजून, बाबा,” ती म्हणाली. “आता वाढते दोघांना.”

रविवारी बाबांचे मिठागरावरचे सोबती विठूकाका एसटीने आले. बाबा लिहायचे, काका मोठ्याने वाचायचे. पण काकांना धीर कुठला. शब्द अर्धा असतानाच ते उत्तर देऊन मोकळे व्हायचे आणि बाबा जोरजोरात मान हलवून पुढचं बटण शोधायचे. असा वाद बराच रंगला. चहा गाळताना प्रतिक्षाला बाबांचं हसणं ऐकू आलं. कप तिथंच ओट्यावर ठेवून ती जरा वेळ ऐकत उभी राहिली.