ग्रीसमधली तुर्की अमदानी

बी.ए. होऊन मी सोयगावहून औरंगाबादला आलो आणि एका निवृत्त प्राध्यापकांकडे महिनाभराच्या बोलीवर कामाला लागलो. शास्त्रातल्या शब्दांचा मराठी कोश ते घरीच करत होते. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परत गाव. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडिलांनी अख्ख्या बाजारात सांगून टाकलं होतं, "पोरगा लई मोठ्या पुस्तकाच्या कामावर लागला."

माझ्या वाट्याला ग्रीकमधून आलेले शब्द होते. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. तो कोणत्या काळातल्या ग्रीकचा, ती खूण त्यावर करायची. इंग्रजी कोशात पुष्कळदा नुसतं शतक दिलेलं असे. आता आमच्याकडे विहीर किती जुनी हे कुणी सालात सांगत नाही. निजामाच्या अमदानीतली किंवा त्याचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरची, एवढं पुरतं. मी ग्रीसचा इतिहास वाचून काढला आणि त्याच रीतीनं खुणा केल्या: अथेन्सची अमदानी, रोमन अमदानी, तुर्की अमदानी. अक्षरही अगदी सुवाच्य काढलं.

महिनाअखेरच्या शनिवारी सरांनी गठ्ठा हातात घेतला आणि थोड्याच वेळात आतल्या खोलीकडे बघून बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हाक मारली.

"अगं, बाहेर ये. यानं ग्रीसमध्ये तहसील कचेरी उघडलीय! ऑक्सिजन म्हणे तुर्की अमदानीतला!"

"अठराव्या शतकात तिथं तुर्कांचंच राज्य होतं, सर," मी म्हणालो.

"अरे, ते नाव फ्रान्समध्ये पाडलं, जुन्या ग्रीक शब्दांचे तुकडे जोडून. तुर्कांचा काय संबंध? पोलीस ॲक्शन झाल्यावर तुझे वडील विहिरीला दुसरं काही म्हणायला लागले का?"

"नाय सर. विहीरच."

"मग? राज्य एका दिवसात बदलतं, भाषा आपल्या चालीनं बदलते. खूण भाषेच्या वयाची करायची, गादीवर कोण बसलंय त्याची नाही."

बाई चहा ठेवत म्हणाल्या, "रागावू नका हो. याच्या आधी कामाला होता त्यानं तर सगळ्या कार्डांवर 'जुना' एवढंच लिहिलं होतं."

घरी काय सांगायचं, ते मी मनात जुळवू लागलो.

"सगळी कार्डं पुन्हा लिहावी लागतील," सर म्हणाले. "प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक. आणि ऑक्सिजनसारख्यांना वेगळी खूण."

"पण सर, महिना तर आज संपला."

"मग सोमवारपासून लिही. पण त्या तुर्कांना आधी घरी पाठव."

मी सोमवारची वाट पाहिली नाही. तिथंच, त्यांच्या ओट्यावर बसून पहिलं कोरं कार्ड पुढे ओढलं.