गोदूची चढाई

गोदू एस.टी.तून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं होतं, काखेत सुकटीची पिशवी होती आणि अलिबागच्या स्टँडवरची निम्मी माणसं तिच्याकडे वळून बघत होती. उंच, थोराड बांधा, गुडघ्यापर्यंत घट्ट मारलेला कासोटा. "मैनाबाय!" अशी तिनं हाक घातली, आणि मैनाबाईनं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग पुढं होऊन धाकट्या बहिणीच्या काखेतली पिशवी घेतली.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. भाताची मळणी उरकली होती, मिठागरं अजून सुरू व्हायची होती. मैनाचा नवरा दिनानाथ अलिबागच्या कोर्टात शिपाई होता. "शनिवार-रविवार ये, शहर बघ," असा निरोप मैनानं माहेरी धाडला होता. खरं कारण निराळं होतं. पोयनाडचा बाळाजी, बायको वारलेला, रविवारी संध्याकाळी आत्याला घेऊन गोदूला बघायला येणार होता.

गोदूचं एकदा लग्न झालं होतं. वर्षाच्या आतच नवऱ्यानं तिला पेणच्या खाडीकाठी माहेरी आणून सोडली. "ही बाई न्हाय, गडी हाय," असं तो अख्ख्या आळीसमोर बोलला होता. त्या दिवशी गोदू पडवीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. नंतर तिनं मिठाची टोपली डोक्यावर घेतली, आणि बांधावरून ओलं मीठ वाहण्यात तिची बरोबरी करणारं मग गावात कुणी उरलं नाही.

शनिवारी ऊन उतरल्यावर मैना तिला समुद्रावर घेऊन गेली. भरती ओसरलेली, वाळू कडक. तिथं बायकांची कबड्डी चालली होती. मुलींच्या शाळेतल्या सत्यवतीबाईंनी गावातल्या बायका जमवून संघ उभा केला होता, आणि उद्या संध्याकाळी रोह्याच्या बायकांशी त्यांचा सामना होता. गोदूचे पाय तिथंच थबकले.

"हुतूतू!" ती म्हणाली. लहानपणी कापलेल्या भाताच्या शेतात ती पोरांबरोबर हुतूतू खेळायची. न्हाण आलं तशी आईनं पाठीत धपाटा घालून ते बंद केलं.

ती रेघेपाशी जाऊन बघू लागली. मग एक बाई पकडीतून निसटली आणि गोदूला राहवलं नाही. "अगं पाय धर तिचा! हात काय धरतेस?"

सगळ्या हसल्या. मैनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्यवतीबाई मात्र हसल्या नाहीत. "धरून दाखवता?" त्यांनी विचारलं.

गोदूनं पदर खोचला. समोरून चढाईला आली ती रतन, संघातली सगळ्यात चपळ. गोदू जागची हलली नाही. रतनचा पाय पुढं आला मात्र, गोदूनं खाली बसून घोटा असा धरला की रतन वाळूत बसली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "बाई गं, हे काय लोखंड आहे की काय!"

परत निघताना सत्यवतीबाई मैनाला म्हणाल्या, "आमच्या एकीचा पाय मुरगळलाय. उद्या बहिणीला खेळू द्याल?"

"उद्या पाहुणे यायचेत घरी," मैना म्हणाली आणि गोदूचा दंड धरून चालू लागली.

रविवारी जेवणं झाल्यावर मैनानं तिला आपलं जरीकाठी लुगडं नेसवलं. पायघोळ नेसवलं, कासोटा टाचेपर्यंत उतरवला. "हळू बोल. खाली बघ. पाय लांब टाकू नकोस." गोदू हो हो म्हणत राहिली. मैना पोह्यांना मिरच्या चिरायला आत गेली, आणि बाहेर येऊन बघते तर गोदू भिंतीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. एवढी मोठी बाई, पण घडी घालून ठेवल्यासारखी लहान दिसत होती.

मैना दारातच थांबली. हे बसणं तिनं आधी एकदा पाहिलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली.

"आले पाहुणे?"

"ऊठ म्हणते ना! सोड ते लुगडं. तुझं नेस, वर खोच."

गोदू बघतच राहिली. मैनानं स्वतःच्या हातानं तिचा कासोटा आवळला. ओट्यावर विडी ओढत बसलेला दिनानाथ म्हणाला, "आणि पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा, मुलगी मैदानावर बघायला मिळंल."

मैदानावर रोह्याच्या बायकांनी पहिल्या डावात अलिबागला पार दमवलं. दुसऱ्या डावात गोदूला सूर सापडला. कुणाचा घोटा, कुणाची कंबर; तिच्या हातात आलेली बाई परत गेली नाही. गुण सारखे झाले तेव्हा वेळ संपत आली होती आणि अलिबागची शेवटची चढाई उरली होती. सत्यवतीबाईंनी गोदूकडं बोट केलं.

ती आत शिरली. "कबड्डी, कबड्डी..." रोह्याची कोपऱ्यातली बाई पायाला झोंबली, दुसरीनं कमरेला विळखा घातला, तिसरी पाठीवर पडली. मैनानं डोळे मिटले. पण गोदूचा दम ऐकू येत होता, जड, संथ, न तुटणारा. ओल्या मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालावं तशी ती चालली होती. एक पाऊल, आणखी एक. तिघींना ओढत तिनं मधली रेघ ओलांडली, आणि मैना किंचाळली, "माझी बहीण हाय ती! माझी बहीण!"

गर्दीतून बाळाजी पुढं आला. त्याच्या मागं आत्या तोंडाला पदर लावून उभी होती. बाळाजीचे डोळे चमकत होते. "मना पसंत हाय," तो म्हणाला. "फक्त लगीन झाल्यावर हे बंद."

मैनानं बहिणीकडं पाहिलं. गोदूच्या केसांत, भुवयांत, दातांत वाळू होती. ती थुंकली, हसली आणि म्हणाली, "मग मना तुम्ही पसंत न्हाय."

"ऐकलंत ना?" मैना आत्याला म्हणाली. "घरी चला, पोहे करते, खाऊन जा. पण बोलणी संपली."

आत्या पोहे न खाता गेली. बाळाजी खाऊन गेला, दोनदा वाढून घेऊन.

सोमवारी सकाळी गोदूला सोडायला सगळा संघ स्टँडवर आला. पुढच्या वर्षी सत्यवतीबाईंनी मुलींच्या वसतिगृहात तिला कामाला लावली, आणि गोदू मैनाच्याच आळीत राहायला आली. पनवेल, महाड, मुरूड, जिथं अलिबागच्या बायका खेळल्या तिथं शेवटची चढाई तिची ठरलेली. मैनाही प्रत्येक सामन्याला जायची. रेघेच्या अगदी जवळ उभी राहायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायची. दिनानाथ हळू ओरड म्हणायचा. ती ऐकायची नाही.