उमापूरच्या देवीसमोर बासून

बोरूची पात पाण्यात भिजली की हिरवट वास सुटतो, आणि मला निजामाच्या राज्यातली उमापूरची नवरात्रातली एक दुपार आठवते. पलटणीच्या बँडमधून सुटलेले एक उस्ताद मला बासून शिकवत होते. छातीइतकं उंच हे लाकडी वाद्य सनईसारखंच पातीतून वाजतं, पण आवाज खर्जातला. "वाजा हाय का तोप?" देवळासमोर कुणीतरी विचारलं आणि लोक हसले. खास बासूनसाठी रचलेली एकच संथ विलायती चाल मला येत होती. गावासाठी मी गोंधळाची चाल बासूनवर बसवली होती, तीही अर्धीच. ती सुरू होताच पुढे बसलेल्या एका बाईच्या अंगात आलं. तिचा नवरा ओरडला, "थांबू नगा दादा! मधीच सूर तुटला तर बाई हाती लागायची न्हाई." बसवलेला भाग मी चारदा फिरवून वाजवला. बाई जास्तच घुमू लागली, तिचं कपाळ फरशीवर आपटू लागलं. माझे ओठ बधिर झाले, बोटं भोकांवरून घसरू लागली. उस्ताद कानाशी म्हणाले, "रुको नक्को, दुसरी बजाओ." मी श्वास न तोडता विलायती चालीत शिरलो. घुमणं मंदावलं, बाई आडवी झाली आणि तिने पाणी मागितलं. नवऱ्याने माझे पाय धरले. "दादा, ही कोन्या देवीची चाल?" खरं सांगितलं तर ती पुन्हा घुमू लागेल, या भीतीने मी म्हणालो, "हितलीच." नंतर मी वर्तमानपत्रात नोकरीला लागलो, पण ती बाई हयात होती तोवर हे कुठे लिहिलं नाही.